बेकायदेशीर कोण, हे आधी कुठेतरी ठरावं लागतं

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. नवरा आणि मी दोघंही आयटीत, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमची तारीख २०१५ ची, ईबी-टू या नोकरीवर आधारलेल्या गटातली. अजून नंबर लागलेला नाही. आमच्याकडे आणि इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच घरी एक ताई पोळ्या देतात. त्या आणि त्यांचे यजमान २०१४ मध्ये व्हिजिटर व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर इथेच राहिले. मुलगी इथेच जन्मली, आता नऊ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात यजमानांना कामावर जाताना आईसवाल्यांनी (इमिग्रेशनच्या पोलिसांनी) धरलं. ताई रडत माझ्याकडे आल्या. मी मंडळाच्या ग्रुपवर मदतीचं विचारलं, तर “इल्लीगल ते इल्लीगल, त्यांना सुनावणी कशाला? सरळ विमानात बसवा,” असं दोघा-तिघांनी लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. नवरा म्हणतो, यात पडू नकोस, आपलं स्टेटस धोक्यात येईल. आणि खरं सांगते, माझ्याही मनात येतं की आम्ही इतकी वर्षं नियमाने रांगेत उभे आहोत, मग नियम मोडणाऱ्यांचं मला वाईट का वाटावं? पण वाटतं. मी दुटप्पी आहे का? मी काय करू?
— क. दे.

उत्तर :

क. दे., तुमच्या मनातल्या कालवाकालवीबद्दल मला बरंच बोलायचं आहे. पण ताईंच्या घरात आत्ता एकेक दिवस मोलाचा आहे, म्हणून आधी कामाचं सांगते. मी इमिग्रेशनची वकील नाही. माझं सांगणं वकिलापर्यंत पोचेपर्यंतचं धरा.

यजमानांना कुठे ठेवलंय हे आईसच्या वेबसाइटवर शोधता येतं. नाव आणि जन्मदेश टाकून शोधायचं असेल तर स्पेलिंग पासपोर्टवर आहे तस्संच हवं, एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी सापडत नाही. त्यांच्या कुठल्याही कागदावर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक) असेल तर तो आधी टिपून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतील. ते अजून न्यू जर्सीतच असतील तर आजच्या आज वकील गाठा. पकडलेल्या माणसांना लुइझियाना किंवा टेक्सासला हलवतात, आणि मग भेट, वकील, कागदपत्रं, सगळंच अवघड होऊन बसतं. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही. मात्र तुमचं राज्य स्थानबद्ध असलेल्या आणि ऐपत नसलेल्या लोकांसाठी २०१८ पासून स्वतःच्या पैशाने वकील पुरवतं. लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी आणि न्यूअर्कची अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी या संस्था ते काम करतात. तिथे फोन करा. “दोन हजार डॉलर द्या, आतून सेटिंग करतो,” असं सांगणारा कुणी ‘कन्सल्टंट’ आपल्याच माणसांपैकी भेटला, तर ताईंना त्याच्या सावलीलाही उभं राहू देऊ नका.

आणि यजमानांशी फोनवर बोलणं झालं तर एकच निरोप द्या : न वाचता, वकिलाला न दाखवता, कशावरही सही करायची नाही. “सही करा, लवकर घरी जाल,” असं म्हणून पुढे केलेल्या कागदात पुष्कळदा सुनावणीचा हक्क सोडल्याचं लिहिलेलं असतं.

आता तुमच्या ग्रुपवरचा प्रश्न. सुनावणी कशाला?

यजमानांना जो कागद मिळेल किंवा एव्हाना मिळाला असेल, त्याला नोटीस टू अपिअर म्हणतात. कधी तो जवळून बघा. व्हिसाची मुदत संपूनही राहिलेल्या माणसाच्या कागदावर साधारण चार वाक्यं असतात. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही. तुम्ही भारताचे नागरिक आहात. तुम्ही अमुक विमानतळावर अमुक तारखेला, तमुक तारखेपर्यंत राहण्याच्या परवानगीने आलात. त्या तारखेनंतर तुम्ही परवानगीशिवाय राहिलात. खाली कायद्याचं कलम आणि कुठल्या कोर्टात, कधी हजर व्हायचं ते. पहिल्या तारखेला न्यायाधीश विचारतात : कुठल्या भाषेत बोलणार? मराठी म्हटलं की दुभाषा जोडतात, बहुतेकदा फोनवरच. मग ती चार वाक्यं एकेक करून वाचली जातात आणि प्रत्येकावर विचारलं जातं : मान्य आहे की नाही?

एवढीच ती सुनावणी. तिच्यावर तुमच्या ग्रुपमध्ये इतका राग आहे. पण ती चार वाक्यं सरकारने लिहिलेली आहेत, आणि सरकारी कारकून चुकतो हे तुम्हाला मी सांगायला नको. आय-९४ वर (देशात येण्याच्या आणि राहण्याच्या मुदतीच्या नोंदीवर) तारीख चुकीची पडल्याची, मुदतवाढीचा अर्ज वेळेत दिलेला असूनही नोंद न सापडल्याची उदाहरणं तुमच्या स्वतःच्या ऑफिसात निघतील. चौथं वाक्य खरं आहे का, हे विचारणारं कुणीतरी सरकारी खात्याच्या समोर बसलेलं हवं. तोवर तो माणूस बेकायदेशीर आहे असा सरकारचा आरोप आहे, एवढंच म्हणता येतं. “बेकायदेशीर आहे म्हणून सुनावणी नको” म्हणणारे ज्या गोष्टीचा निकाल लागायचा आहे तीच आधी गृहीत धरतात. आपल्याकडे याला आधी फाशी मग चौकशी म्हणतात.

आणि समजा चारही वाक्यं खरी निघाली. ताईंच्या यजमानांच्या बाबतीत ती बहुधा खरीच असतील. तरी प्रकरण संपत नाही, कारण कायदाच पुढचा प्रश्न विचारतो : राहू देण्याजोगं काही कारण आहे का? इथे सलग दहा वर्षं राहिलेल्या, वर्तन चांगलं असलेल्या माणसाला, त्याच्या जाण्याने नागरिक असलेल्या मुलावर, जोडीदारावर किंवा आईवडिलांवर अगदी विलक्षण संकट कोसळणार असेल, तर न्यायाधीश हद्दपारी रद्द करू शकतात. कसोटी फार कडक आहे, साधी ताटातूट पुरत नाही. मुलीचं दुखणं, तिच्या शिक्षणातली खास अडचण असं काही ठोस लागतं, आणि वर्षाला अशी फक्त ४,००० प्रकरणं मंजूर होतात. मी ताईंना खोटी आशा लावणार नाही, तुम्हीही लावू नका. पण यजमान २०१४ चे आहेत, मुलगी नागरिक आहे, म्हणजे दार निदान ठोठावता येतं. हे दार एखाद्या दयाळू माणसाने उघडलेलं नाही, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेल्या कायद्यातच ते आहे. सुनावणी न घेता विमानात बसवणं म्हणजे त्या कायद्याचं अर्धं पान फाडून टाकणं.

तो दहा वर्षांचा हिशोबसुद्धा कागदावर अवलंबून असतो. नोटीस हातात पडली की वर्षं मोजणं थांबतं. पण सरकार वर्षानुवर्षं तारीख-वेळ न लिहिताच नोटिसा देत होतं. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अर्धवट नोटिशीने मोजणी थांबत नाही. २०२१ चा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गोर्सच हे ट्रम्प यांनीच नेमलेले आहेत. नियम सरकारलाही लागू, एवढंच त्या निकालाचं तात्पर्य. नियम पाळण्याचा तुमच्या मंडळींना अभिमान आहे ना? मग तो दोन्ही बाजूंना लागू करायला हवा.

आता ग्रुपवरच्या मंडळींची बाजू. ती मी झटकून टाकणार नाही, कारण तीत तथ्य आहे. २०२५ मध्ये इमिग्रेशन कोर्टांत पस्तीस लाखांच्या आसपास प्रकरणं पडून होती. तारीख मिळायला वर्षं लागतात, तेवढ्यात माणूस इथे मूळ धरतो. आश्रयाचा खोटा दावा शिकवणारे एजंट आहेत. डंकीच्या, म्हणजे सीमा चोरून ओलांडण्याच्या, वाटेने माणसं पाठवून लाखो रुपये उकळणारे पंजाब, हरियाणा, गुजरातेत आहेत. कुठल्याही देशाला आपल्याकडे कोण राहील हे ठरवण्याचा हक्क आहे, आणि सगळी संधी देऊन झाल्यावर अंतिम आदेश निघाला तर तो अमलात आला पाहिजे, हे मी मानते. ताईंच्या यजमानांच्या बाबतीतही. पण दिरंगाईचा इलाज न्यायाधीश वाढवणं हा आहे. २०२५ च्या सुरुवातीला साऱ्या देशात सुमारे ७०० इमिग्रेशन न्यायाधीश होते आणि त्याच वर्षात शंभराहून अधिक जण काढले गेले किंवा सोडून गेले. लांबणाऱ्या सुनावण्यांची तक्रार करायची आणि सुनावणी घेणारेच कमी करायचे, हे मला पटत नाही.

सुनावणी टाळली की काय होतं हे त्याच वर्षी सगळ्यांनी पाहिलं. किल्मर अॅब्रेगो गार्सिया हा मेरीलँडमध्ये राहणारा माणूस. त्याला एल साल्वाडोरला पाठवू नये असा इमिग्रेशन न्यायाधीशाचा २०१९ चा आदेश होता. १५ मार्च २०२५ ला त्याला नेमकं तिथेच, तिथल्या महातुरुंगात नेऊन टाकलं. सरकारने कोर्टात ही प्रशासकीय चूक असल्याचं कबूल केलं, आणि तरी त्याला परत आणण्याबद्दल टाळाटाळ केली. सुप्रीम कोर्टाने एप्रिलमध्ये त्याच्या परतीची सोय करायला सांगितल्यावर जूनमध्ये तो परतला. परत आल्यावर त्याच्यावर फौजदारी आरोप ठेवले गेले. ते खरे की खोटे हे ठरवायची जागाही कोर्टच. त्याच दिवशी ज्या व्हेनेझुएलाच्या लोकांना १७९८ सालच्या परकीय शत्रू कायद्याखाली पाठवलं, त्यांना बाजू मांडायची संधी मिळालीच नाही. पुढे मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने बजावलं की हद्दपारीच्या जेमतेम २४ तास आधी, दाद कशी मागायची हेही न सांगता दिलेली नोटीस चालणार नाही.

हे सगळं ‘त्यांचं’ वाटत असेल तर २०२५ चाच वसंत आठवा. हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस या सरकारी विद्यार्थी-नोंदवहीतल्या नोंदी एका झटक्यात रद्द झाल्या. त्यांत भारतीय मुलं मोठ्या संख्येने होती. फी भरलेली, वर्गात बसणारी, ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, रीतसर काम करणारी मुलं. पोलिसांच्या कुठल्याशा डेटाबेसमध्ये नाव जुळलं, एवढ्यावर. कुणाचं जुनं वाहतुकीचं प्रकरण, कुणाचा कधीच निकालात निघालेला गुन्हा. पत्र नाही, कारण नाही, बोलायची संधी नाही. काल रात्री कायदेशीर असलेला मुलगा सकाळी उठला तो बेकायदेशीर. मुलं वेगवेगळ्या राज्यांतल्या कोर्टांत गेली, न्यायाधीशांनी एकामागून एक स्थगिती दिली आणि एप्रिल संपायच्या आत सरकारने नोंदी पुन्हा चालू केल्या. त्या मुलांना वाचवणारी वाट आणि ताईंच्या यजमानांची वाट एकच आहे : माझ्याविरुद्ध काय आहे ते मला सांगा, आणि मला उत्तर देऊ द्या. अमेरिकेच्या घटनेने हा हक्क नागरिकांपुरता ठेवलेला नाही. देशात आलेल्या माणसाला बाजू मांडू दिल्याशिवाय हाकलता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९०३ मध्येच एका जपानी मुलीच्या प्रकरणात सांगितलं. त्यात तिचा दावा फेटाळला गेला, पण तत्त्व टिकलं.

तुमची नोकरी उद्या गेली तर तुमच्याकडे साठ दिवस आहेत, हे तुम्हाला पाठ असेल. एकसष्टाव्या दिवशी नव्या कंपनीचा अर्ज पोचला की नव्हता यावर वाद झाला, तर तुम्हाला काय हवं असेल?

आणखी एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती मंडळाच्या कुठल्याच कार्यक्रमात मी ऐकलेली नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. मग सरकार आधीच नागरिक झालेल्या हिंदुस्थानी लोकांचं नागरिकत्व काढून घेऊ लागलं. थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित, कॅलिफोर्नियात वकिली करणारे, १९१४ पासून नागरिक. सरकार त्यांच्याही मागे लागलं. पंडित कोर्टात उभे राहिले : तुमच्याच कोर्टाने दिलेल्या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली, संसार, मालमत्ता उभी केली, आता ते मागे घेता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टात ते जिंकले, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला, आणि इतर हिंदुस्थानी लोकांवरचे तसले खटले सरकारने सोडून दिले. त्या काळी इथल्या लोकमताच्या दृष्टीने पंडितही नको असलेलेच होते. त्यांना उभं राहायला कोर्ट मिळालं.

ग्रुपवरचे काही जण भारतातल्या बातम्यांनाही असेच अंगठे देत असतील. त्यांना विचारा, २०२५ च्या जूनमध्ये काय झालं आठवतंय का? मुंबईच्या आसपास काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून उचललं आणि सीमेपलीकडे ढकलून दिलं. ते भारतीय निघाले. बंगाल सरकारने कागद दाखवल्यावर त्यांना परत आणावं लागलं. आधी कोर्टासमोर उभं केलं असतं तर एका दुपारीत उलगडा झाला असता. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

आता रांगेचं. तुमची चीड खरी आहे आणि तिच्यात दुटप्पीपणा नाही. दहा वर्षं आईच्या आजारपणात जाताना व्हिसा स्टॅम्पिंगची धास्ती, नोकरी बदलताना धास्ती, मुलांचं वय एकवीसकडे सरकण्याची धास्ती, हे मी कमी लेखत नाही. पण तुमची रांग ताईंच्या यजमानांमुळे लांबलेली नाही. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला त्यांतला सात टक्क्यांच्या आसपास वाटा, हे १९९० च्या कायद्यातलं गणित आहे. भारतातून अर्ज करणारे त्याच्या कित्येक पट, म्हणून २०२५ मध्ये ईबी-टू २०१३ च्या आसपास रेंगाळत होतं. ताईंच्या यजमानांनी त्या १,४०,००० मधलं एकही घेतलेलं नाही. ते उद्या विमानात बसले तरी तुमची तारीख एक दिवसही पुढे सरकणार नाही. तुमचा राग काँग्रेसकडे न्या. तिथे तो कामी येईल.

आणि वाईट वाटण्याचं म्हणाल, तर नियम मोडला गेला हे मान्य असूनही माणसाला नीट वागवलं जावं असं वाटणं यात विसंगती कुठली? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमानाने १०४ भारतीय आणले, प्रवासात हातापायांत बेड्या घालून. त्यांत तिघं महाराष्ट्रातले होते. त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं असेल तर ते बरोबरच होतं.

तुमच्या यजमानांची भीती मात्र गंभीरपणे घ्या. कुणाला अधिकाऱ्यांपासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, तो करू नका. त्यांच्या वतीने खोटं सांगू नका. वकील शोधून देणं, कागद जमवणं, मुलीला शाळेतून आणणं, ओळखीचं पत्र लिहिणं यात काही गैर नाही. तुम्ही स्वतः आय-९४ आणि आय-७९७ (व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्याचा कागद) जवळ ठेवा, आय-९४ तर कायद्याने बाळगावाच लागतो. स्थानबद्धता केंद्रात भेटायला जायचा धीर होत नसेल तर जाऊ नका, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ताईंनी मात्र वकिलाला विचारल्याशिवाय तिकडे अजिबात जाऊ नये, त्यांचीही मुदत संपलेली आहे. दोघांनाही काही झालं तर मुलगी कुणाकडे राहील, याचा कागदही याच आठवड्यात वकिलाकडून करून घ्या.

ताईंचे यजमान व्हिसावर रीतसर आत आलेले आहेत, हे त्यांच्या पथ्यावर पडेल. सीमा चोरून ओलांडलेल्यांना जामिनाची सुनावणीच नाही अशी भूमिका सरकारने जुलै २०२५ पासून घेतली आहे आणि त्यावर कोर्टांत भांडण चालू आहे. व्हिसावर आलेला माणूस गंभीर गुन्ह्यात नसेल तर न्यायाधीशाकडे जामीन मागू शकतो. कमीत कमी रक्कम १,५०० डॉलर, प्रत्यक्षात बरीच जास्त लागते. वकिलाला पहिल्याच भेटीत जामिनाबद्दल विचारा. घरभाड्याचे करार, टॅक्सच्या पावत्या, मुलीच्या शाळेची पत्रं तिथेच उपयोगी पडतील.

जामिनाचे पैसे भरणाऱ्याला स्वतःचा पक्का कायदेशीर दर्जा लागतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असला तर अडचण येत नाही. ताईंना ते जमणार नाही, एच-वन-बीवर तुम्ही पुढे होऊ नका. मंडळात वीस-पंचवीस वर्षांपासूनचे नागरिक बरेच असतील. ग्रुपवर सगळ्यांना पुन्हा विचारत बसू नका. त्यांतल्या ज्यांच्या घरी ताईंच्या पोळ्या जातात अशा दोघा-तिघांना आज संध्याकाळी एकेकट्याने फोन लावा.